शंभर गुणांचें मांजर

मांजराची परीक्षा घ्यावी, ही कल्पनाच प्रथमदर्शनीं थोडी विनोदी वाटते. घोड्याची पारख त्याच्या चालीवरून होते, बैलाची ओढीवरून होते, गाईची दुधाच्या धारेवरून होते. कुत्र्याला शिकवितां येतें व शिकविलेलें त्याच्याकडून चारचौघांत करवूनहि घेतां येतें. मांजर मात्र कोणाच्या आज्ञेंत वागत नाहीं. हांक मारली असतां यावें कीं न यावें, हें तें स्वतः ठरवितें. आपल्या घरांतून त्याला वाघाची मावशी म्हणून मान मिळतो आणि दुधाच्या पातेल्याजवळ दिसतांच पाठींत लाटणेंहि मिळतें. अशा स्वतंत्र वृत्तीच्या प्राण्याला टेबलावर उभें करावयाचें, त्याचे कान, डोळे, नाक, शेंपूट तपासावयाचें आणि त्याला पहिलें किंवा दुसरें ठरवावयाचें, हा उद्योग माणसानें कां आरंभिला व तो कसा चालतो, हा विषय वाटतो तितका हलका नाहीं. कारण ह्या परीक्षेचा निकाल बक्षिसाच्या फितीबरोबर संपत नाहीं. तो पुढच्या पिढीच्या मांजरांच्या हाडांत उतरतो.

मांजरांचें पहिलें मोठें प्रदर्शन लंडनच्या सिडनहॅम भागांतील क्रिस्टल पॅलेस नांवाच्या प्रचंड कांचगृहांत १३ जुलै १८७१ रोजीं भरलें. त्याचा जनक हॅरिसन वेअर हा प्राण्यांचीं चित्रें काढणारा नामांकित चित्रकार. त्या काळीं इंग्लंडांत कोंबड्यांचीं व कुत्र्यांचीं प्रदर्शनें भरूं लागलीं होतीं. परंतु मांजर म्हणजे उंदीर मारणारें एक घरगुती साधन, ह्यापलीकडे त्याची फारशी किंमत कोणी करीत नसे. वेअरला हें खटकत असे. घरोघरच्या मांजरांकडे लोकांनीं एकवार डोळे उघडून पाहावें, त्यांच्यांतील रूपवैचित्र्य ओळखावें आणि मग त्यांना अधिक मायेनें वागवावें, असा त्याचा हेतु होता. प्रदर्शनांत वर्ग कोणते असावेत, बक्षिसें कोणतीं असावींत आणि कोणत्या लक्षणाला किती महत्त्व द्यावें, ह्याची योजना त्यानेंच केली. त्या दिवशीं आगगाडीनें जातांना त्याच्या मनांत मोठी धाकधूक होती. शेंकडों अनोळखी माणसांच्या गर्दींत मांजरें ओरडतील, पिंजऱ्यांशीं झटापट करतील, सारा बेत फसेल, असें त्याला वाटत होतें. प्रत्यक्षांत सुमारें १७० मांजरें आपापल्या पिंजऱ्यांत तांबड्या उशांवर स्वस्थ पहुडलेलीं त्याला दिसलीं. परीक्षक तिघे होते: स्वतः वेअर, त्याचा भाऊ जॉन जेनर वेअर आणि मॅकडोना नांवाचे एक धर्मोपदेशक. प्रदर्शन अपेक्षेबाहेर यशस्वी झालें, आणि तेव्हांपासून मांजरांच्या परीक्षेची परंपरा सुरू झाली.

या परीक्षेचें मर्म एका गोष्टींत आहे. शर्यतींत एक घोडा दुसऱ्या घोड्याशीं धांवतो. प्रदर्शनांत मात्र एक मांजर दुसऱ्या मांजराशीं आधीं ताडून पाहात नाहींत. प्रत्येक मांजर प्रथम एका कागदावरच्या मांजराशीं ताडून पाहतात. हें कागदावरचें मांजर कोठें जन्मलेलें नसतें. त्या त्या जातीचें आदर्श रूप कसें असावें, त्याचें वर्णन तज्ज्ञ मंडळींनीं एकत्र बसून लिहिलेलें असतें. अशा लिखित वर्णनाला लक्षणपत्रक म्हणतां येईल. अमेरिकेंत १९०६ सालीं स्थापन झालेली कॅट फॅन्सिअर्स असोसिएशन, ब्रिटनमध्यें १९१० सालीं स्थापन झालेलें गव्हर्निंग कौन्सिल ऑफ द कॅट फॅन्सी, अशा संस्था हीं पत्रकें तयार करतात, वेळोवेळीं दुरुस्त करतात आणि परीक्षकांना त्यांनीं बांधून घेतात. आपल्याकडे हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. जुन्या अश्वशास्त्रांत घोड्याच्या अंगावरील भोंवऱ्यांचीं शुभाशुभ लक्षणें सांगितलेलीं आहेत. आणि खिल्लारी बैल घेणारा जाणता शेतकरी आजहि शिंगांची ठेवण, खांदा, पाय व कांति हीं क्रमानें पाहतो. फरक एवढाच कीं, शेतकऱ्याचें लक्षणपत्रक त्याच्या डोक्यांत असतें व शेवटचा निकाल नांगर देतो.

लक्षणपत्रकांतील गुणांची बेरीज शंभर असते. अमेरिकन संस्थेचीं दोन पत्रकें शेजारीं शेजारीं ठेवून पाहिलीं म्हणजे ही योजना चांगली समजते. पर्शियन मांजराच्या शंभर गुणांपैकीं ३० गुण एकट्या डोक्याला आहेत. त्यांत डोळ्यांचा आकार व कानांची ठेवणहि आली. शरीराच्या घडणीला २०, अंगावरील केंसांना १०, रंगाला २० आणि डोळ्यांच्या रंगाला १०. उरलेले दहा गुण अवयवांचा समतोल आणि एकंदर रेखीवपणा यांना पांच-पांच असे वांटलेले आहेत. सयामी मांजराचा हिशेब निराळा आहे. त्याच्या डोक्याला २० गुण व डोळ्यांच्या आकाराला आणि ठेवणीला १०. परंतु शरीराला ३०, आणि त्या तिसांतील दहा केवळ स्नायूंच्या घट्टपणाला. केंसांना १० व रंगाला ३०. हे शेवटचे तीस पुन्हां तीन ठिकाणीं वांटलेले आहेत: दहा अंगाच्या फिकट रंगाला, दहा तोंड, कान, पाय व शेंपूट यांवरील गडद रंगाला आणि दहा डोळ्यांच्या निळेपणाला. पर्शियनचें डोकें वाटोळें हवें, शरीर ठेंगणें व भरदार हवें. सयामीचें डोकें लांबट व निमुळतें हवें, शरीर सडपातळ हवें. एका वर्गांत जें भूषण, तेंच दुसऱ्या वर्गांत दूषण ठरतें. आणि ज्या गुणासाठीं मनुष्यानें मांजराला मुळांत घरांत घेतलें, त्या उंदीर पकडण्याच्या कौशल्याला ह्या दोन्ही पत्रकांत एकहि गुण ठेवलेला नाहीं!

परीक्षक प्रत्येक मांजरापुढें पाटी-पेन्सिल घेऊन बेरजा करीत बसतो, असा मात्र समज करून घेऊं नये. हे आंकडे तराजूच्या वजनांसारखे त्याच्या मनांत असतात. चेहरा सुंदर पण अंग ढिलें असलेलें सयामी आणि अंग पोलादी पण कान आंखूड असलेलें सयामी समोर आलें, तर कोणाचें पारडें किती झुकवावें, हें त्या आंकड्यांवरून ठरतें. त्यासाठीं नजर लागते, आणि ती नजर तयार व्हावयास वर्षें लागतात. परीक्षक होऊं इच्छिणारानें आधीं स्वतः मांजरांची पैदास केलेली असावी लागते, प्रदर्शनांतून मदतनीस म्हणून राबावें लागतें आणि जाणत्या परीक्षकांच्या हाताखालीं उमेदवारी करावी लागते.

आतां प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवसाकडे वळूं. ब्रिटनमधील जुनी पद्धत आपल्या मॅट्रिकच्या परीक्षेची आठवण करून देणारी आहे. सकाळीं दारांतच पशुवैद्य प्रत्येक मांजर तपासतो. कानांत कीड, अंगावर पिसवा, डोळ्यांना पाणी किंवा नाकाला सर्दी आढळली, कीं त्या मांजराला आंत प्रवेश मिळत नाहीं. आंत गेल्यावर प्रत्येकाला क्रमांकाचा पिंजरा मिळतो. पिंजऱ्यांतील पांघरूण पांढरें, पाण्याचें भांडें पांढरें, मातीचें तबकहि पांढरें. श्रीमंताच्या मांजराला मखमलीची गादी व गरिबाच्या मांजराला गोणपाट, असा भेद तेथें चालत नाहीं. पिंजऱ्यावर मालकाचें नांव नसतें, पूर्वीं मिळालेल्या बक्षिसांच्या फिती नसतात, फक्त आंकडा. परीक्षा चालूं असतां मालकांनीं पिंजऱ्यांपासून दूर राहावयाचें असतें. परीक्षक मदतनिसाला घेऊन पिंजऱ्यापाशीं येतो, मदतनीस मांजर बाहेर काढून चाकांच्या टेबलावर धरतो, आणि प्रत्येक मांजरानंतर दोघेहि जंतुनाशक द्रवानें हात व टेबल स्वच्छ करतात, कारण एकाचा रोग दुसऱ्याला जडूं नये. परीक्षकाला आपला अभिप्राय पुढें लेखी द्यावा लागतो व तो प्रसिद्धहि होतो. त्यामुळें ‘आवडलें म्हणून पहिलें’ एवढ्यावर त्याला सुटतां येत नाहीं.

अमेरिकन पद्धत ह्याच्या उलट, उघड्या दरबारासारखी आहे. त्या देशांत ८ मे १८९५ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें मोठें प्रदर्शन भरलें आणि कोझी नांवाच्या लांब केंसांच्या, तपकिरी पट्टेरी मांजरानें तेथें सर्वश्रेष्ठ म्हणून रुप्याचा पट्टा मिळविला. आज तेथें परीक्षक आपल्या जागीं उभा राहतो. त्याच्या मागें पिंजऱ्यांची रांग असते व पुढें मालक आणि प्रेक्षक बसलेले असतात. एकेक मांजर तो सर्वांच्या देखत टेबलावर घेतो व पुष्कळदां त्याचे गुणदोष मोठ्यानें सांगतो. एकाच सभागृहांत अशीं अनेक वर्तुळें चालूं असतात आणि प्रत्येक परीक्षकाचा निकाल स्वतंत्र असतो. सकाळीं एका वर्तुळांत निळी फीत मिळविलेलें मांजर दुपारीं दुसऱ्या वर्तुळांत रिकाम्या पंजांनीं परत येतें, हें तेथें नित्याचें आहे. लिहिलेली लक्षणें एकच असलीं तरी वाचणारे डोळे निराळे असतात.

परीक्षेंत डोळ्यांपेक्षां हातांचें काम अधिक असतें, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. दाट केंस दोष झांकतात; बोटें ते शोधून काढतात. परीक्षक कपाळापासून नाकाच्या टोंकापर्यंत बोट फिरवितो, म्हणजे चेहऱ्याची बाजूची रेषा कळते. ओंठ उचलून वरचे व खालचे दांत नीट जुळतात कीं नाहींत, तें पाहतो. बरगड्यांवरून व मांड्यांवरून हात फिरवून मांजर हडकुळें कीं लठ्ठ कीं घट्ट, तें ठरवितो. बर्मी जातीचें मांजर दिसतें त्याहून हातांत अधिक जड भरलें पाहिजे, अशी अपेक्षा असते; ती केवळ पाहून कळणारी नव्हे. शेंपटीच्या मुळापासून टोंकापर्यंत दोन बोटें सरकवून कोठें गांठ किंवा बांक आहे काय, हें चांचपतो. केंस उलटे फुंकून मुळाशीं रंग कसा आहे, तें पाहतो. डोळ्यांचा रंग चांगल्या उजेडांत पाहतो. शेवटीं एखादें मोराचें पीस समोर हालवितो. तत्क्षणीं कान ताठ होतात, मान उंचावते, डोळे चमकतात, आणि इतका वेळ नाइलाजानें बसलेलें मांजर आपल्या खऱ्या रूपांत प्रकट होतें. केंसांत पावडर किंवा रंग भरून वर्ण खुलविण्याचा प्रयत्न उघडकीस आला, तर तो अंगाशीं येतो. चावणाऱ्या व अंगाला हात लावूं न देणाऱ्या मांजराला बाद करण्याचा अधिकारहि परीक्षकास असतो.

पदवी मिळविण्याचा नियमहि विचारपूर्वक केलेला आहे. ब्रिटिश पद्धतींत तीन निरनिराळ्या परीक्षकांकडून तीन प्रमाणपत्रें मिळाल्यावांचून मांजराला ‘चॅम्पियन’ म्हणतां येत नाहीं. एकाच परीक्षकाची मेहेरनजर त्यामुळें पुरी पडत नाहीं. निर्बीज केलेल्या मांजरांचा वर्ग वेगळा असून त्यांच्यासाठीं ‘प्रीमिअर’ ही तितक्याच मानाची पदवी आहे. शिवाय योग्यतेचें मांजर आढळलें नाहीं, तर प्रमाणपत्र मुळींच न देण्याची मुभा परीक्षकाला असते. वर्गांत एकच मुलगा असला म्हणजे तो पहिला येतो खरा. परंतु तेवढ्यानें तो उत्तीर्ण होतोच असें नाहीं!

येथवर पाहिलें तर ही सारी व्यवस्था निर्दोष वाटते. परंतु परीक्षा जितकी काटेकोर, तितकी प्रश्नपत्रिका काढणाराची जबाबदारी मोठी. प्रश्नपत्रिकेंत जें येतें तेंच मुलें घोकतात. येथेंहि तसेंच होतें. बक्षीस मिळविणाऱ्या बोक्याला व भाटीला पैदाशीसाठीं मागणी येते. त्यांचीं पिलें अधिक किंमतीला जातात. पुढच्या वर्षीं परीक्षकापुढें त्यांचीच संतति उभी राहते. असें वीस-तीस वर्षें चाललें, म्हणजे कागदावरचें मांजर हळूहळू सजीव होऊं लागतें.

ह्या शक्तीचा चांगला उपयोग कसा होतो, हें सयामी मांजरानें दाखविलें आहे. युरोपांत प्रथम गेलेल्या सयामी मांजरांपैकीं पुष्कळांच्या शेंपटींना गांठ असे व डोळे तिरळे असत. त्यावर गोड दंतकथाहि रचल्या गेल्या: स्नान करतांना राजकन्येनें आपल्या अंगठ्या मांजराच्या शेंपटींत अडकविल्या, आणि त्या गळून पडूं नयेत म्हणून शेंपटीनें गांठ धारण केली! परंतु पुढें परीक्षकांनीं गांठ व तिरळेपणा हे दोष मानले, अशीं मांजरें मागें पडूं लागलीं, आणि कांहीं पिढ्यांत प्रदर्शनांतून हीं व्यंगें बहुतेक नाहींशीं झालीं. त्या मांजराच्या रंगाचें शास्त्रहि मनोरंजक आहे. अंगांतील रंगद्रव्य तयार करणारा घटक शरीराच्या उबदार भागीं काम करीत नाहीं. कान, नाक, पंजे, शेंपूट अशा थंड भागींच करतो. म्हणून पिलें आईच्या पोटांतून पांढरीं जन्मतात व बाहेरच्या हवेंत त्यांचीं टोंकें काळवंडतात. परीक्षक ज्या गडद टोंकांना दहा गुण देतो, तीं अशीं निसर्गाच्या थंडीऊनांत रंगलेलीं असतात.

दुसरी बाजू तितकी सुखाची नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या छायाचित्रांतील पर्शियन मांजराला स्पष्ट दिसणारें नाक होतें. लक्षणपत्रकांत नाक आंखूड असावें, असें होतें. आंखूड नाकाला बक्षीस मिळालें, त्याहून आंखूड नाकाला पुढें मोठें बक्षीस मिळालें, आणि नाक मागें मागें सरकत कांहीं मांजरांत तें थेट दोन डोळ्यांच्या मध्यें जाऊन बसलें. चेहरा बाहुलीसारखा दिसूं लागला. परंतु श्वास घरघरूं लागला, अश्रुनलिका मुडपल्यामुळें डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, लहान जबड्यांत दांतांची दाटी झाली. कोणाहि परीक्षकाला मांजराचा श्वास कोंडावयाचा नव्हता. प्रत्येकानें आपल्यापुढील मांजरांतून थोडें अधिक आदर्श तेवढें निवडलें. आणि त्या थोड्या-थोड्याची बेरीज ही अशी झाली. पुढें ब्रिटिश संस्थेला आपल्या पत्रकांत अशी मर्यादा घालावी लागली कीं, पर्शियन मांजराच्या नाकाच्या शेंड्याची वरची कड डोळ्याच्या खालच्या कडेच्या वर असतां कामा नये. असल्यास प्रमाणपत्र रोखून धरावें.

तिसरें उदाहरण कानांचें आहे. १९६१ सालीं स्कॉटलंडमधील एका शेतावर दुमडलेल्या कानांची एक पांढरी भाटी आढळली. तिच्या वंशांतून स्कॉटिश फोल्ड ही जात निघाली. कान पुढें मुडपलेले असल्यामुळें चेहरा घुबडासारखा वाटोळा व भोळा दिसतो, म्हणून लोकांना ती फार आवडली. परंतु कान मुडपणारा आनुवंशिक दोष कानापुरता नसतो. तो साऱ्या शरीरांतील कूर्चेंत असतो, आणि त्यामुळें पाय, शेंपूट व सांधे वेदनेनें ताठरतात. ब्रिटिश संस्थेनें १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच ह्या जातीची नोंदणी बंद केली. अमेरिकन संस्थेनें त्याच दशकांत तिला अजिंक्यपदाच्या वर्गांत प्रवेश दिला. एकच मांजर, एकच कान. परंतु परीक्षा काय मोजण्यासाठीं आहे, ह्याविषयीं दोन मतें.

हॅरिसन वेअरला ह्या धोक्याची चाहूल फार लौकर लागली होती. १८८७ सालीं इंग्लंडांत नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला तेव्हां तो त्याचा पहिला अध्यक्ष होता. १८८९ सालीं त्यानें मांजरांवर एक मोठा ग्रंथ लिहून त्यांत प्रत्येक प्रकाराचीं लक्षणें व गुण नमूद केले. परंतु थोड्याच वर्षांत तो क्लबांतून बाहेर पडला. सभासदांना मांजरांच्या कल्याणापेक्षां आपल्या पदकांची अधिक काळजी आहे, अशी त्याची तक्रार होती. घरोघरच्या उपेक्षित मांजराला मान मिळावा, म्हणून ज्यानें गुणांची पहिली यादी केली, त्यालाच तिच्या परिणामांनीं दूर सारावें, हें विचार करण्यासारखें आहे.

तरी त्याचा मूळ हेतु अगदींच वाया गेला, असें म्हणतां येत नाहीं. बहुतेक प्रदर्शनांत एक वर्ग असा असतो कीं, ज्याला लक्षणपत्रकच नाहीं. हा वंशावळ नसलेल्या साध्या घरगुती मांजरांचा वर्ग. तेथें काळें, पांढरें, कबरें, पट्टेरी, कोणतेंहि मांजर येऊं शकतें. वयांत आलेलें असल्यास तें निर्बीज केलेलें असावें, एवढी अट असते. कागदावरचा आदर्श नसल्यामुळें परीक्षक जें पाहतो तें इतकेंच: अंग स्वच्छ आहे काय, डोळे तेजस्वी आहेत काय, लव चकचकीत आहे काय, वजन बेताचें आहे काय, आणि अनोळखी माणसाच्या हातांत तें निर्भयपणें राहतें काय. ह्यांतील एकहि गुण विकत मिळत नाहीं. सारे रोजच्या सांभाळण्यांतून येतात. म्हणजे ह्या वर्गांत परीक्षा मांजराची होते, परंतु गुण पडतात ते घराला.

अलीकडे मुंबई-पुण्याच्या घरांतूनहि पर्शियन पिलें पाळण्याची हौस वाढली आहे, आणि तेथें मांजरांचीं प्रदर्शनेंहि भरूं लागलीं आहेत. पिलूं घ्यावयास जाणाऱ्या गृहस्थानें किंवा गृहिणीनें परीक्षकाचे हात तेवढे उसने घ्यावेत. पिलूं शांत निजलें असतां कान लावून त्याचा श्वास ऐकावा. नाकपुड्या मोकळ्या आहेत काय, पाहावें. डोळ्यांखालीं पाण्याचे ओघळ आहेत काय, पाहावें. शेंपूट हळूच वांकवून तें ओरडत नाहीं ना, ह्याची खात्री करावी. सपाट तोंडाला अधिक पैसे मोजणारा प्रत्येक ग्राहक हाहि एक परीक्षकच आहे, आणि त्याचाहि निकाल पुढच्या पिलांच्या हाडांत उतरतो.

मांजराला मात्र ह्या साऱ्याची क्षिति नसते. निळी फीत मिळो अगर न मिळो, टेबलावरून पिंजऱ्यांत परततांच तें आधीं पाठ वळवून बसतें आणि माणसाचा हात जेथें जेथें लागला असेल, तो तो भाग चाटून पूर्ववत् स्वच्छ करूं लागतें.